बुडव्यांचा डबा

गुरुवार, ७ मार्च

आत्याला नमस्कार.

ब्रेडच्या गाडीवाले काका म्हणाले, तुझ्या हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात माल उतरवताना तू त्यांना सांगितलंस की आमचा काहीतरी पत्ता काढून आणा. पत्ता काढला. आम्ही आहोत.

मंगळवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी गल्लीमागचं रंगाचं गोदाम उडालं. वेळ मला माहीत आहे, कारण दुकानातलं घड्याळ पडलं आणि तिथेच थांबलं. आधी आवाज आला नाही. आधी समोरचा रस्ता पांढरा झाला, मग शटर आत आलं, मग आवाज. भिंतीवरच्या सगळ्या कोऱ्या किल्ल्या खाली पडल्या. बाराशे तरी असतील. त्या पडून झाल्या तरी बराच वेळ मला त्या पडायचाच आवाज येत होता.

मला काही झालं नाही. कपाळाला थोडी काच लागली. दुकान गल्लीच्या तोंडाशी फुटपाथवर आहे म्हणून वाचलं. आतली गल्ली कशी आहे ते नंतर लिहितो.

बाबा कामात आहेत. लोकांची कुलपं अडकलीत, दारं वाकलीत, सारखं कोणीतरी बोलवतं. त्यांचा फोन फुटला. तसाही इकडे कोणाचाच फोन लागत नाही, टॉवर आडवा झालाय.

काका गाडीचा हॉर्न वाजवतायत. देतो.

तुझा गोगल्या


शनिवार, ९ मार्च

गोगल्या,

तुझी चिठ्ठी हातात पडली तेव्हा मी पीठ मळत होते. तशीच पिठाच्या हाताने उघडली, म्हणून आता ती कडक पापुद्र्यासारखी झालीय. उशीखाली ठेवलीय. दोन दिवस रेडिओवर आकडे ऐकत होते. सकाळी चाळीस, दुपारी सत्तर. तुझ्या चार ओळींनी माझा जीव भांड्यात पडला. बरं झालं फोन लागत नाही. लागला असता तरी तू नुसता श्वास घेतला असतास.

मला यायचं होतं, पण इथे रजा मिळत नाही. परीक्षा आल्यात, दीडशे मुलींचं जेवण माझ्या एकटीच्या मानेवर. राग मानू नकोस.

आणि तुझ्या बापाला सांग, बहिणीला दोन ओळी लिहिल्या तर हात झिजत नाहीत. दिवसभर कानस चालवून झिजला नाही तो दोन ओळींनी काय झिजणार. चार वर्षं झाली त्याने माझ्याशी बोलणं टाकून. मी काय वाईट बोलले होते? हुशार पोराला आठवीतून काढून किल्ल्या घासायला बसवलंस, तू बाप आहेस की मुकादम, एवढंच म्हणाले. तेच आजही म्हणेन. पण आधी त्याचं अक्षर बघू दे, मग भांडू.

एक काम कर. रेडिओवर सांगत होते की तुमच्या चौकातली लायब्ररी उभी आहे. खिडक्या गेल्या, पण छप्पर आहे. तिथे झोपायला जागा दिलीय, हरवलेल्यांच्या याद्या लावल्यात, मदतीचे अर्ज तिथेच भरतायत. तुम्ही दोघं तिथे जा. तू तर तिथेच लहानाचा मोठा झालास. शाळा सुटली की लायब्ररी, लायब्ररी बंद झाली की घर. फुटपाथवर राहू नका.

काकांबरोबर ब्रेडचे दोन पुडे पाठवतेय. हॉस्टेलचे नाहीत, माझे आहेत. दादाला सांगू नकोस, नाहीतर खायचा नाही.

आत्या


रविवार, १० मार्च

आत्याला नमस्कार.

ब्रेड मिळाला. एक पुडा लगेच संपला.

तू विचारलं नाहीस तरी सांगतो. लोक दुकानात किल्ल्या घेऊन येतात. नवीन करायला नाही. घर राहिलेलं नाही, दार नाही, कुलूप वितळलं, पण किल्ली खिशात राहिली. मग येतात आणि म्हणतात, ही वाकलीय, जरा सरळ करून दे. मी सरळ करून देतो. काल एका बाईने तीनदा बजावलं की दात घासू नकोस, नाहीतर लागणार नाही. मी म्हटलं, नाही घासत. तिचं घर कुठलं ते मला माहीत आहे. तिथे आता सरळ गोदामापर्यंत दिसतं.

लायब्ररीत खूप गर्दी आहे, म्हणून गेलो नाही. समोरून बघितली. सगळी पुस्तकं बाहेर पायऱ्यांवर आणून एकेक झटकत होते, पानापानात काच गेलीय. आम्ही दुकानातच बरे आहोत. शटर अर्धं खाली येतं.

बाबांचा राग वगैरे काही नाही. ते आत्ताच चहाला गेलेत. लिहितील.

आपल्या घराच्या दारावर चुन्याने पांढरी फुली काढलीय. सगळ्या घरांवर काढतात. फुली म्हणजे त्या घराचं काम झालं.

आता काळोख पडायला लागला. इथे मी एकटाच असल्यामुळे दिवा लावत नाही.

गोगल्या


सोमवार, ११ मार्च

गोगल्या,

वरच्या ओळीत बाप चहाला गेला आणि शेवटच्या ओळीत तू एकटाच आहेस.

मी गाडीवाल्यांना खोदून खोदून विचारलं. ते म्हणतात, सहा दिवस त्या दुकानात पोराशिवाय कोणी बघितलं नाही. दुसरा पुडा तसाच फळीवर आहे, असंही म्हणाले.

लहानपणी तुझं नाव मी ठेवलं. हात लावला की आत जायचास म्हणून. गोगलगाय आणि पोटात पाय असं लोक म्हणतात, तेव्हा मी त्यांच्याशी भांडायचे, माझ्या पोराच्या पोटात काही नसतं म्हणून. आता मला खोटं पाडू नकोस.

माझा भाऊ कुठे आहे?

काका पुढच्या खेपेला यायच्या आत लिहून ठेव.

आत्या


मंगळवार, १२ मार्च

आत्या,

बाबा नाहीत. म्हणजे आहेत की नाहीत ते कोणी सांगत नाही.

त्या दिवशी एक वाजता ते घरी जेवायला गेले. रोज आधी ते जातात, मग मी. मी त्यांना गल्लीत वळताना बघितलं. त्यानंतर दहा मिनिटं.

आधी मला वाटलं, वाटेत कोणाशी बोलत थांबले असतील, दवाखान्यात असतील. तिन्ही दवाखान्यांत जाऊन प्रत्येक खाट बघितली. ज्यांचे चेहरे झाकलेत त्यांचे हात बघितले. बाबांच्या अंगठ्यावरचा काळा डाग कधी जात नाही, तो शोधत होतो. नव्हता.

शोधणारे लोक घराघराची यादी घेऊन येतात. पुढच्या भागात घरमालकांची चार माणसं लिहिलेली. मालक बाहेर होते, मुलगा आणि सून दवाखान्यात, मालकीणबाई गेल्या. चार लिहिलेली, चार सापडली. घर झालं. फुली. मग त्यांनी पुढच्या भागाचा ढिगारा ढकलून मागे लोटला. आपल्या खोलीवर.

मी तिथे गेलो होतो. हेल्मेटवाला माणूस म्हणाला, काय रे? मी म्हटलं, मागे खोली आहे. त्याने मालकांना विचारलं. मालक म्हणाले, मागे अडगळ आहे, तिथे कोणी राहत नाही. आत्या, मी त्यांच्यापासून चार हातांच्या अंतरावर उभा होतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले. अकरा वर्षं ज्यांच्या नळाचं पाणी भरलं ते असं म्हणाले, आणि माझ्या तोंडातून शब्द निघेना. मी मान हलवली. त्या माणसाला वाटलं, मी हो म्हणालो.

नंतर कळलं, मागे खोली काढायला त्यांना परवानगी नव्हती. कागदावर ती अडगळीचीच आहे. स्फोटानंतर सगळे कागद तपासतायत, म्हणून घाबरले असतील. पण मला त्यांच्या घाबरण्याचं काय करायचंय.

मदतीच्या टेबलावरचे साहेब म्हणतात, राहत होतास याचा कागद आण, लगेच मशीन पाठवतो. रोज वीस जण येऊन इथे खणा तिथे खणा म्हणतात, मशीन दोनच आहेत. कागद खोलीत. खोली ढिगाऱ्याखाली. शेजारची दोन्ही घरं गेली. आम्हाला ओळखणारी माणसं दवाखान्यात आहेत, नाहीतर यादीत. दुकानाला पत्ता नाही, फुटपाथला कुठला पत्ता.

आणि तो टेबल लायब्ररीत आहे. मी दारातूनच विचारून पळालो. आत गेलो नाही, कारण लायब्ररीवाल्या बाई समोर बसतात. आता हेही सांगतो. शाळा सोडली त्या आठवड्यात मी एक पुस्तक आणलं होतं. खोल समुद्रातल्या माशांचं, जिथे उजेड पोचत नाही तिथल्या. ते परत केलंच नाही. परत करायला गेलो तर बाई विचारणार, शाळेत का जात नाहीस. म्हणून आज देऊ, उद्या देऊ, चार वर्षं झाली. पुस्तक दुकानाच्या खणात आहे. ते वाचलं आणि बाकी सगळं गेलं.

शाळेचंही सांगतो. बाबांनी मला काढलं नाही. वर्गात उभं करून वाचायला लावलं की माझा आवाज फुटायचा नाही. सर म्हणायचे, बस खाली, एव्हाना भिंतीलाही वाचता आलं असतं. एक दिवस मी बाबांना म्हटलं, मी जाणार नाही. त्यांनी एकदाच विचारलं, नक्की? मग सगळ्यांना सांगितलं, मला हाताशी माणूस हवा होता, मीच काढला. कोणी मला विचारू नये म्हणून. तुलाही तेच सांगितलं. तू त्यांना मुकादम म्हणालीस तेव्हा मी फळीमागे बसलो होतो. तेव्हाही मी काही बोललो नाही.

गोगल्या


बुधवार, १३ मार्च

बाळा,

तुझं पत्र मी स्वयंपाकघरात वाचलं. नंतर काय झालं ते नीट आठवत नाही. मुलींनीच भात उतरवला म्हणे.

चार वर्षं. एका शब्दाने त्याने मला उलट उत्तर दिलं नाही. मी शिव्या घालत होते आणि तो ऐकून घेत होता. आणि मला वाटायचं, अपराधी आहे म्हणून गप्प आहे. मी काय बोलू आता. माझ्याकडे त्याच्यासाठी शब्द नाहीत, तुझ्यासाठी आहेत.

आधी माझं खोटं सांगते. मला रजा मिळत नाही असं नाही. मी महिन्याभरापूर्वी भांडारघराच्या शिडीवरून पडले, पाय प्लास्टरमध्ये आहे. स्टुलावर बसून पीठ मळते. तुम्ही काळजी कराल म्हणून लिहिलं नाही. बघ, पोटात पाय आपल्या घराण्यातच आहेत. नाहीतर मी त्या ढिगाऱ्यावर माझ्या हातांनी चढले असते.

आता ऐक. तुला लायब्ररीचं कार्ड मिळालं त्या दिवशी दादाने मला फोन केला होता. तू दहा वर्षांचा होतास. तो म्हणाला, कार्डाला हमीदार लागतो, पुस्तक हरवलं तर जबाबदारी घेणारा. मी मालकांना भीत भीत विचारलं, तर त्यांनी लगेच सही दिली. म्हणाले, हा पोरगा आमच्या ओट्यावर बसून आमचाच पेपर वाचतो, ह्याला नाही देणार तर कोणाला. दादा हसत होता. मला ते हसणं अजून ऐकू येतं.

म्हणजे कुठेतरी मालकांची सही आहे. तुझ्या पत्त्याखाली.

ते पुस्तक काखेत मार आणि जा. मान खाली घालून जा, रडत जा, कसाही जा. बाईंनी चार वर्षांचा हिशेब विचारला तर सांग, आत्या बघून घेईल. पण उद्याच जा. तो तिथे खाली आहे, गोगल्या. त्याला वर काढ.

आत्या


शनिवार, १६ मार्च

आत्या,

काढलं. काल दुपारी. आधी सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर लिहिता येणार नाही.

गुरुवारी सकाळी लायब्ररीत गेलो. आत जाईपर्यंत दोनदा परत फिरलो. वाचनखोलीत टेबलं भिंतीला लावून गाद्या घातल्यात. एका कोपऱ्यात फोन चार्जिंगला, कोणाचे पन्नास-साठ असतील. मासिकांच्या स्टँडवर हरवलेल्यांचे फोटो. एक म्हातारी पेपर उलटा धरून बसली होती. बाई मला नंतर म्हणाल्या, त्यांना वाचता येत नाही, पण हातात पेपर असला की कोणी येऊन काय झालं ते विचारत नाही. 'शांतता राखा' ही पाटी अजून भिंतीवर आहे. लोक मुद्दाम तिच्याखाली येऊन बसतात.

मी पुस्तक बाईंच्या टेबलावर ठेवलं. त्यांचा चष्मा स्फोटात फुटलाय, भिंगातून बघतात. पुस्तकाचा नंबर बघितला, मग भिंग तसंच धरून माझ्याकडे बघितलं. त्यांचा डोळा एवढा मोठा दिसत होता. म्हणाल्या, "तू जिवंत आहेस."

मी मान हलवली.

"आणि वडील?"

मी मागे दाखवलं, गल्लीकडे. मग मी त्यांना तुझंच पत्र दिलं. बोलण्यापेक्षा ते सोपं होतं. त्यांनी भिंगाने एकेक ओळ वाचली. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "फॉर्मांचं कपाट वरच्या टाकीच्या पाइपाखाली होतं. स्फोटात पाइप फुटला, सगळ्या फॉर्मांचा लगदा झाला. सभासदांची कार्डं त्यांच्या घरी होती, ती घरांबरोबर गेली."

मी तिथेच खाली बसलो.

"अरे ऊठ," बाई म्हणाल्या. "तुझं कार्ड तुझ्या घरी कुठे होतं? नियम विसरलास? पुस्तक तुझ्याकडे, तर कार्ड माझ्याकडे. पुस्तक परत, तेव्हा कार्ड परत." आणि त्यांनी खालच्या खणातून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला. वर खडूने लिहिलंय, बुडवे. ज्यांनी वर्षानुवर्षं पुस्तकं आणून दिली नाहीत त्यांची कार्डं. "दरवर्षी मला वर लिहून पाठवायचं असतं की ही फाडून टाकली. दरवर्षी मी लिहिते. फाडवत नाही रे. वाटतं, येईल एखादा."

माझं कार्ड खालून तिसरं होतं.

साहेबांच्या टेबलासमोर रांग होती. बाई मला हाताला धरून थेट पुढे घेऊन गेल्या. रांगेतला एक जण म्हणाला, "ओ बाई, आम्ही काय शोभेला उभे आहोत?" बाई म्हणाल्या, "पाच मिनिटं शोभा द्या." साहेबांनी कार्ड उलटसुलट केलं. म्हणाले, अक्षर पुसट आहे, वाचून दाखवा, लिहून घेतो. बाईंनी भिंग लावलं, डोळे चोळले. त्यांना दिसेना. त्यांनी कार्ड माझ्या हातात दिलं.

आत्या, पन्नास माणसं होती. आणि मालकही होते. खिडकीजवळच्या गादीवर बसले होते, एका पायात चप्पल, एक पाय मोकळा.

मी उभा राहिलो आणि आवाज फुटेना. शाळेत व्हायचं तसंच. कोणी हसलं नाही. कोणी बस खाली म्हणालं नाही. ती म्हातारी उलटा पेपर खाली ठेवून बघत होती. मग मी कार्डाच्या कोपऱ्यात बघितलं. तिथे काळा अंगठा उमटलाय. बाबांनी सही करताना कार्ड दाबून धरलेलं, किल्लीच्या तेलाचा हात.

मी वाचलं. आवाज बारीक निघाला, माझा वाटलाच नाही. सभासदाचं नाव. पालकाचं नाव, म्हणजे बाबांचं, पूर्ण. पत्ता, घराचा नंबर, मागची खोली. मग मागची बाजू. वरील मुलगा आपल्या वडिलांसह माझ्या घराच्या मागच्या खोलीत राहतो, हे मला माहीत आहे. त्याच्याकडून पुस्तक हरवल्यास मी जबाबदार. खाली सही.

साहेबांनी विचारलं, "हमीदार कोण?"

मी नाव वाचायच्या आधीच मालक उठले होते. म्हणाले, "माझी सही आहे. राहत होते. अकरा वर्षं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मला वाटलं, खोलीचं कळलं तर मलाच आत टाकतील. बायको गेली होती, डोकं चालत नव्हतं. मी म्हणून गेलो आणि मग मागे घेता येईना." ह्या वेळी बोलता येत होतं तरी बोललो नाही.

तासाभरात मशीन आलं. फुलीवर चुन्याने गोल काढला, म्हणजे पुन्हा उघडलं. दीड दिवस लागला. मालक पूर्ण वेळ तिथे उभे होते, एका चपलेवर. मीच शेवटी त्यांना बसायला दगड दिला. का दिला माहीत नाही.

बाबा दाराजवळ होते. सकाळी भरून ठेवलेला जेवणाचा डबा उघडलेला नव्हता.

गोगल्या


सोमवार, १८ मार्च

बाळा,

एकच विचारते. दहा दिवस तो खाली होता. त्याला कळत होतं का? खरं लिही. मला बरं वाटावं म्हणून लिहू नकोस. खोटं लिहिण्याचे दिवस दोघांचेही संपले.

प्लास्टर पंचवीसला निघतंय. त्याच दिवशी काकांच्या गाडीत बसून येते, ब्रेडच्या क्रेटवर बसावं लागलं तरी. तोपर्यंत लायब्ररीत झोप. बाईंना माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, ती कार्डं फाडली नाहीत, तुमचे हात मी येऊन बघणार आहे.

आत्या


बुधवार, २० मार्च

आत्याला नमस्कार.

खरं लिहितो. डॉक्टरांना मी स्वतः विचारलं, तोंडाने. ते म्हणाले, त्याच क्षणी. छप्पर आणि आवाज एकदमच आले. त्यांना आवाजही पूर्ण ऐकू आला नसेल. मी परत विचारलं, नक्की? ते म्हणाले, नक्की. मला वाटतं ते खरं बोलले, कारण आधीच्या माणसाला त्यांनी तसं सांगितलं नव्हतं.

बाबांचं नाव आता यादीत आहे. बाई रोज अकरा वाजता सापडलेल्यांची नावं वाचतात. शनिवारी त्यांनी विचारलं, तू वाचतोस का? एकच नाव वाचलं. बाकीची त्यांनी वाचली.

डब्यातून आणि खणातून मिळून चौऱ्याऐंशी कार्डं निघाली. त्यातली एकोणीस आपल्या गल्लीतली, सगळी भाडेकऱ्यांची, ज्यांच्याकडे दुसरा काहीच कागद नव्हता. बाई म्हणतात, "गल्लीतले अट्टल बुडवे, आता तेच सगळ्यात पक्के रहिवासी. नियमाने पुस्तक परत करणाऱ्यांचं मात्र मला वाईट वाटतं." आणखी दोन घरांमागे मशीन लागलं. एका ठिकाणी कोणी नव्हतं. एका ठिकाणी होतं.

काल माझ्या पुस्तकाचं काम झालं. बाई पानं तपासत होत्या, काच गेलीय का बघायला. मध्ये एक चिठ्ठी निघाली. बाबा किल्लीचा नंबर लिहायला वापरायचे तसली, तेलकट. एकशे बाराव्या पानावर. बाई म्हणाल्या, खूण तुझी का? आत्या, मी चाळीसच्या पुढे गेलोच नव्हतो. पुस्तक दिसलं की खण बंद करायचो. मी डबा खायला घरी जायचो, तेव्हा ते दुकानात एकटे असायचे. चाळीसपासून एकशे बारापर्यंत प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात काळं बोट आहे. मला कधी एका शब्दाने बोलले नाहीत.

बाईंनी तारखेचा शिक्का मारला, पुस्तक जमा. आणि नियमाप्रमाणे कार्ड माझ्यापुढे केलं, घे, तुझं.

मी हात मागे घेतला. म्हटलं, हेच पुस्तक परत पाहिजे.

त्या हसल्या नाहीत. दुसरा शिक्का मारला, कार्ड खणात सरकवलं. आता जोपर्यंत पुस्तक माझ्याकडे आहे, तोपर्यंत आमची खोली तिथे आहे, बाबा तिथे राहतात आणि अंगठाही तिथे आहे. मागे ती पेपरवाली म्हातारी उभी होती. तिने ऐकलं. तिनेही नवीन कार्ड काढलं, हमीदार बाईच झाल्या, आणि म्हणाली, कुठलंही पुस्तक द्या, जाड द्या, परत करायला वेळ लागेल असं. संध्याकाळपर्यंत रांग लागली. बाईंनी शेवटी पाटी लावली की मुदत संपली तरी यावर्षी कोणाचंच कार्ड बुडव्यांच्या डब्यात जाणार नाही.

टॉवर उद्या सुरू होणार म्हणतात. मी तुला लायब्ररीतून फोन करीन. दचकू नकोस. नुसता श्वास घेणार नाही, पण बोलणारही नाही. एकशे तेरापासून वाचीन.

गोगल्या